पदव्युत्तर जागा : रहिवासाच्या दाखल्यावर की सेवेच्या नोंदीवर?

केवळ एखाद्या राज्याचा रहिवासी आहे म्हणून वैद्यकीय पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जागा राखून ठेवणे घटनेच्या चौदाव्या कलमात बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २९ जानेवारी २०२५ रोजी दिला. ‘तन्वी बहल विरुद्ध श्रेय गोयल’ हा खटला चंदीगडचा. गोवा त्यात पक्षकार नव्हता. तरीही आधुनिक वैद्यकाच्या एकाच महाविद्यालयावर विसंबून असलेल्या आपल्या राज्याने हा निकाल स्वतःचा समजून वाचावा, असा आहे. असे निकाल आले की आपल्याकडे पहिला प्रश्न उमटतो तो ‘आमच्या मुलांच्या जागा गेल्या का?’ हा. प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र त्याच्या मागे दुसरा एक प्रश्न उभा असतो आणि तो क्वचितच विचारला जातो : ही जागा मुळात कशासाठी असते?

आधी निकाल नेमका काय तो पाहू. चंदीगडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात राज्य कोट्याच्या ६४ जागा होत्या. त्यातील निम्म्या त्याच महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांसाठी आणि निम्म्या चंदीगडच्या रहिवाशांसाठी ठेवल्या होत्या. रहिवासाची व्याख्याही इतकी सैल होती की तेथे काही वर्षे शिकलेला किंवा आईवडिलांची मालमत्ता तेथे असलेला उमेदवारही ‘रहिवासी’ ठरत असे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आपल्या महाविद्यालयाच्या पदवीधरांना प्राधान्य देणे मात्र वैध ठरले. आधीच प्रवेश घेतलेल्यांना या निकालाची झळ बसणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

यात कायद्याच्या दृष्टीने फारसे नवे काही नाही. १९८४ मधील प्रदीप जैन खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाने एमबीबीएस आणि पदव्युत्तर शिक्षण यांत रेघ ओढली होती. पदवीच्या पातळीवर राज्याला डॉक्टरांची गरज असते, मागास भागातील मुलांना संधी द्यायची असते, म्हणून रहिवासावर आधारित काही जागा मान्य. पदव्युत्तर पातळीवर मात्र विशेषज्ञ घडवायचा असतो आणि तेथे गुणवत्तेशी होणारी तडजोड रुग्णाला महागात पडते, असा तो युक्तिवाद. संस्थेच्या पदवीधरांना निम्म्या जागांपर्यंत प्राधान्य देता येईल, हे सूत्र घटनापीठाने २००३ मध्ये सौरभ चौधरी खटल्यात कायम ठेवले. पुढे २००५ मध्ये सरकारी महाविद्यालयांतील अखिल भारतीय कोटा २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला. देशातील प्रत्येक नागरिकाचा अधिवास एकच, तो म्हणजे भारत; राज्याचा वेगळा अधिवास अशी गोष्टच नाही, हे न्यायालय चाळीस वर्षे सांगत आले आहे. २०२५ मध्ये ते पुन्हा एकदा, अधिक कडक आवाजात सांगावे लागले, एवढेच.

गोव्यापुरते बोलायचे तर येथे गोमेकॉच्या पदवीधरांना प्राधान्य देण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला या निकालाने धक्का लावलेला नाही. म्हणून अनेकांना वाटेल की आपण सुटलो. पण हे प्राधान्य नेमके कोणाला मिळते, ते जरा बारकाईने पाहावे. एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. समजा, राजस्थानातील एक विद्यार्थी त्या मार्गाने बांबोळीला आला आणि साडेपाच वर्षे येथे शिकला. तो गोमेकॉचा पदवीधर; पदव्युत्तर प्रवेशात संस्थेचे प्राधान्य त्याला मिळते. आता समजा, पेडणे तालुक्यातील एका मुलीचा गोमेकॉतील प्रवेश दोन-चार गुणांनी हुकला आणि ती कोल्हापूरला किंवा बेळगावीला एमबीबीएस करून आली. तिचे आईवडील, आजीआजोबा याच मातीतले. परत येऊन येथेच डॉक्टरकी करण्याची तिची इच्छा. तिला मात्र संस्थेचे प्राधान्य नाही आणि आता रहिवासाचा आधारही नाही. तिने अखिल भारतीय कोट्यातून देशभरातल्या उमेदवारांशी स्पर्धा करून आपल्याच राज्यातील इस्पितळात यायचे.

यात राजस्थानच्या मुलावर अन्याय व्हावा, असे कोणी म्हणणार नाही. साडेपाच वर्षे ज्याने येथील रुग्ण पाहिले, येथील डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस पाहिला, त्याचा या जागेवर काहीएक हक्क निर्माण होतोच. आपण ‘गोव्याची जागा’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात असलेली व्यक्ती आणि नियमात बसणारी व्यक्ती या वेगळ्या आहेत, एवढेच येथे दाखवायचे आहे. संस्थेचे प्राधान्य हे गोमंतकीयांचे आरक्षण नव्हे. तसे ते कधीच नव्हते.

मग जागा कशासाठी? याचे उत्तर प्रवेशाच्या यादीत शोधण्यापेक्षा रात्री दोन वाजता गोमेकॉच्या वॉर्डात शोधावे. पदव्युत्तर विद्यार्थी हा नावाला विद्यार्थी असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांतच तो पूर्णवेळ निवासी डॉक्टर म्हणून काम करील, असे लिहिले आहे. अपघात विभागात आलेला रुग्ण पहिल्यांदा पाहतो तो निवासी डॉक्टर. रक्त मागवणे, एक्स-रे बघणे, वरिष्ठांना फोन करणे, नातेवाइकांना समजावणे, पहाटे नोंदी पूर्ण करणे, ही सारी त्याचीच कामे. प्राध्यापक सकाळी फेरी घेतात, शस्त्रक्रिया करतात, शिकवतात. पण चोवीस तास इस्पितळ चालते ते या तरुणांच्या बळावर. काणकोणहून साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास करून रुग्णवाहिका बांबोळीला पोहोचते, तेव्हा तिची वाट पाहणारा माणूस हाच असतो.

शिवाय बांबोळीला येणारे रुग्ण केवळ गोव्याचे नसतात. सिंधुदुर्गातून, कारवारच्या बाजूने पिढ्यानपिढ्या लोक येथे येत आले आहेत. १ जानेवारी २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले गेले, तेव्हा दोडामार्ग परिसरात आंदोलन उभे राहिले ते याच अवलंबित्वामुळे. आता ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तरी गुंतागुंतीच्या आजारांत बांबोळीचा रस्ता तेथल्या लोकांनी सोडलेला नाही. रुग्णांना राज्याची सीमा नसते आणि निवासी डॉक्टरच्या कामाच्या तासांना मर्यादा नसते, अशा दोन टोकांमध्ये हे इस्पितळ चालते.

कामाच्या तासांबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पदव्युत्तर शिक्षणाची खरी दुखरी नस तीच आहे. केंद्र सरकारने ५ जून १९९२ च्या आदेशात निवासी डॉक्टरांचे काम साधारणतः आठवड्याला ४८ तासांचे असावे आणि एका वेळी सलग १२ तासांपेक्षा अधिक नसावे, असे लिहून ठेवले आहे. या आदेशाला तीन दशके उलटली. देशातील कोणत्याही मोठ्या सरकारी इस्पितळातील निवासी डॉक्टरला हा आकडा सांगावा आणि त्याचे हसू पाहावे. आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत तर आकडाच नाही. तेथे ‘वाजवी’ तास आणि दिवसातून ‘वाजवी’ विश्रांती, अशी शब्दयोजना आहे. वर्षाला २० दिवसांची नैमित्तिक रजा, ५ दिवसांची शैक्षणिक रजा आणि कामाची निकड नसेल तर आठवड्याची सुटी, हेही त्यात आहे. नियमात ‘निकड नसेल तर’ असे शब्द आले की काय होते, हे सरकारी कचेऱ्यांशी संबंध आलेल्या वाचकांना सांगायला नको.

याच आयोगाने नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाचा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरील अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी केलेल्या ऑनलाइन पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. त्यांतील ३१.२ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्या मनात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिकांना आठवड्याची सुटी नियमित मिळत नव्हती. पाहणीत स्वतःहून भाग घेणाऱ्यांची उत्तरे संपूर्ण समूहाची मानता येत नाहीत, हे खरे. म्हणून या आकड्याकडे थोडे सावधपणे पाहावे. पण निम्मा खोटा धरला तरी उरलेला निम्मा झोप उडवणारा आहे. आठवड्याला ७४ तासांपेक्षा आणि सलग २४ तासांपेक्षा अधिक काम देऊ नये, आठवड्यातून एक सुटी द्यावी, रोज सात-आठ तासांची झोप मिळावी, अशा शिफारशी कृतिदलाने केल्या. म्हणजे १९९२ मध्ये जे ४८ तास होते, ते २०२४ मध्ये सुधारणा म्हणून ७४ झाले. व्यवस्था किती खाली घसरली, याचे याहून नेमके माप सापडणार नाही.

हा अहवाल येत होता त्याच सुमारास, ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात एका पदव्युत्तर विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती दीर्घ पाळी करून इस्पितळातील सेमिनार कक्षात विश्रांतीसाठी गेली होती. देशभर संप झाले, सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षेसाठी वेगळे कृतिदल नेमले. सुरक्षारक्षक, कॅमेरे, प्रवेशपत्रे यांची चर्चा झाली. ती आवश्यकच होती. पण रात्रभर काम करणाऱ्या डॉक्टरला पाठ टेकायला बंद करता येईल अशी एक खोली का नव्हती, हा प्रश्न सुरक्षेइतकाच कामाच्या नियोजनाचाही आहे. गोव्यातही जून २०२५ मध्ये गोमेकॉच्या अपघात विभागातील प्रसंग गाजला. आरोग्यमंत्र्यांनी एका वरिष्ठ डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर खडसावले, डॉक्टर आंदोलनाला उभे राहिले, मंत्र्यांनी माफी मागितली. ती सारी चर्चा बहुतांशी कोण कोणाशी कसे बोलले याभोवती फिरली. त्या विभागात रोज किती रुग्ण येतात आणि त्यांना पाहायला किती हात असतात, याकडे ती वळायला हवी होती.

अमेरिकेत १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात अठरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि थकलेल्या निवासी डॉक्टरांवर देखरेख कोण ठेवते, हा प्रश्न चव्हाट्यावर आला. त्या राज्याने १९८९ मध्ये तासांवर मर्यादा घातली; देशभर आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा यायला २००३ उजाडले. तेथेही तास कमी केले की शिक्षण कमी होते, असा ज्येष्ठांचा आक्षेप होता आणि तो सर्वस्वी खोटा नाही. शस्त्रक्रिया हाताने शिकायची असते, ती पुस्तकाने येत नाही. मात्र आपल्याकडील निवासी डॉक्टरचे जादा तास कशात जातात, ते पाहिले की हा आक्षेप पातळ होतो. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, स्ट्रेचर ढकलणे, अर्ज भरणे, अहवाल शोधत हिंडणे, यांत शल्यविद्या नाही. त्या कामांसाठी माणसे नेमली तर तास कमी होतील आणि शिक्षण वाढेल.

आता जागांच्या संख्येकडे येऊ. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ आणि पदव्युत्तर ३१,१८५ जागा होत्या. २०२४ च्या अखेरीस ते आकडे अनुक्रमे १,१८,१३७ आणि ७३,१५७ झाले. वाढ मोठी आहे, नाकारण्यासारखी नाही. पण भागाकार करून पाहावा. पूर्वी शंभर एमबीबीएस जागांमागे ६१ पदव्युत्तर जागा होत्या. आता ६२ आहेत. रांग जितकी वाढली, तितक्याच खिडक्या वाढल्या. त्यात आधीच्या वर्षांचे उरलेले उमेदवार दरवर्षी भर घालतात. २०२५ च्या नीट-पीजीसाठी सुमारे २ लाख ४२ हजार अर्ज आले होते. आणि तरीही जागा रिकाम्या राहतात! शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन यांसारख्या विषयांना फारसे कोणी फिरकत नाही. अनेक खासगी महाविद्यालयांचे शुल्क परवडत नाही. या रिकाम्या जागा भरण्यासाठी २०२३ मध्ये पात्रतेची रेषा शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली गेली. पदव्युत्तर पातळीवर गुणवत्तेशी तडजोड नको म्हणून रहिवासाचे आरक्षण रद्द करायचे आणि त्याच पातळीवर पात्रतेची रेषा जमिनीला टेकवायची, या दोन गोष्टी एकाच व्यवस्थेत शेजारी शेजारी नांदत आहेत. पहिली न्यायालयाची आणि दुसरी सरकारची, हे मान्य. पण परीक्षार्थी तोच आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी आणखी ५,००० पदव्युत्तर जागांना मंजुरी दिली. त्याआधी जुलैमध्ये आयोगाने अध्यापकांच्या पात्रतेचे नवे नियम आणले. २२० हून अधिक खाटांच्या सरकारी इस्पितळाला अध्यापन संस्था म्हणून मान्यता मिळू शकेल, तेथील दहा वर्षांच्या अनुभवाचे विशेषज्ञ सहयोगी प्राध्यापक होऊ शकतील आणि दोन अध्यापक व दोन जागा एवढ्यावर पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करता येईल. गोव्यासाठी ही बातमी महत्त्वाची आहे. म्हापशाचे जिल्हा इस्पितळ (जुन्या लोकांच्या तोंडी अजून आझिलोच) आणि मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ येथे अनुभवी विशेषज्ञ आहेत, रुग्णांची संख्या मोठी आहे. तेथे निवासी डॉक्टर आले तर रात्री बांबोळीकडे पाठवावे लागणारे अनेक रुग्ण जागच्या जागी बरे होतील.

धोका मात्र उघड आहे. दोन अध्यापकांच्या विभागात एक रजेवर गेला आणि दुसरा न्यायालयात साक्षीला गेला, तर त्या दिवशी विद्यार्थ्याला शिकवणार कोण? चांगला शल्यविशारद चांगला शिक्षक असतोच असे नाही. शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे आणि जिल्हा इस्पितळातील ज्या डॉक्टरने वीस वर्षे एकट्याने शस्त्रक्रियागृह सांभाळले, त्याला विद्यार्थ्याच्या हातात शस्त्र देऊन बाजूला उभे राहणे शिकावे लागेल. त्याची बाह्यरुग्ण विभागातील रांग तशीच ठेवून ही जबाबदारी त्याच्या माथी मारली, तर अध्यापन कागदावर राहील आणि निवासी डॉक्टर हा स्वस्तातला मनुष्यबळ पुरवठा ठरेल.

२०२१ च्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. कल्पना उत्तम आहे. मोठ्या राज्यांत या निमित्ताने विद्यार्थी महाविद्यालयापासून दूरच्या जिल्ह्यात जातो, वेगळे वास्तव पाहतो. गोव्यात म्हापसा बांबोळीपासून अर्ध्या तासावर, मडगाव फार तर तासावर. म्हणजे येथे ही योजना दोन इस्पितळांतील अदलाबदल होऊन राहण्याची भीती अधिक. या तीन महिन्यांतील निदान काही दिवस वाळपई, सांगे, काणकोण येथील आरोग्य केंद्रांना जोडले तर विद्यार्थ्याला कळेल की बांबोळीला आलेला रुग्ण ‘उशिरा आला’ असे आपण केसपेपरवर लिहितो, तो उशीर कुठे कुठे झाला होता.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला स्थानिक भाषेची ओळख करून दिली जाते. पदव्युत्तर विद्यार्थी थेट वॉर्डात रुजू होतो. निम्म्या जागा देशभरातून भरल्या जाणार आणि सत्तरीतील आजी ‘पोटांत दुखता’ म्हणणार की ‘पोटात कळ येते’ म्हणणार, यातला फरक त्या मुलाला कोणी शिकवायचा? आज तो परिचारिकेला विचारतो. कोकणी आणि मराठीचे चाळीस-पन्नास तासांचे वर्ग पहिल्या सहा महिन्यांत घेणे हे कोणत्याही आरक्षणाच्या वादापेक्षा सोपे काम आहे आणि त्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान मिळणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. ज्या जागांबद्दल आपण ‘आमच्या मुलांच्या’ म्हणून हळवे होतो, त्या जागांतून निघालेले किती विशेषज्ञ सरकारी सेवेत, राज्याच्या आतल्या तालुक्यांत टिकतात, हा निकष लावला पाहिजे. गोव्यातून डॉक्टर बाहेर जाणे काही आजचे नाही. १८४२ मध्ये पणजीत स्थापन झालेल्या एस्कोला मेडिकाचे पदवीधर पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतील वसाहतींत आरोग्यसेवेत पाठवले जात. आजचे पदवीधर मुंबई, बंगळुरू, लंडन येथे जातात. गोव्यात जन्मलेला डॉक्टर गोव्यातच राहील, ही समजूत जुनीही आहे आणि चुकीचीही.

रहिवासाची दारे बंद झाली, तरी राज्यापुढे एक दार उघडे आहे आणि ते अधिक रुंद आहे. तामिळनाडूतील सरकारी डॉक्टरांच्या संघटनेच्या याचिकेवर घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी निकाल दिला. सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर पदवीच्या जागांत स्वतंत्र वाटा ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे, असे त्यात म्हटले आहे. या मार्गाने शिकणाऱ्यांना पदवीनंतर किमान पाच वर्षे ग्रामीण, आदिवासी व डोंगराळ भागात सेवेची अट घालावी, त्यासाठी बंधपत्र घ्यावे, असेही न्यायालयाने सुचवले. सेवेच्या बंधपत्रांची सर्वसाधारण वैधता त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्येच मान्य झाली होती. राज्य कोट्यातील ठरावीक जागा या मार्गाने ठेवणे, त्या कोणत्या विषयांत ठेवायच्या हे भूलशास्त्र, प्रसूतिशास्त्र, बालरोग, मनोविकार अशा आतल्या तालुक्यांत भासणाऱ्या उणिवा पाहून ठरवणे आणि दुर्गम केंद्रातील प्रत्येक वर्षाला वजन देणे, एवढे गोव्याने ठामपणे केले तर वर उल्लेखिलेल्या पेडण्याच्या मुलीलाही वाट सापडते. तिने कोल्हापूरहून यावे, आरोग्य खात्यात वैद्यकीय अधिकारी व्हावे, धारबांदोडा किंवा सांग्याला तीन वर्षे काढावीत आणि मग त्या सेवेच्या बळावर बांबोळीला शिकावे. तिच्याबरोबर राजस्थानचा तो मुलगाही त्याच रांगेत उभा राहू शकतो. त्याने काणकोणला तीन वर्षे काढली असतील तर तो गोव्याचाच.

यावर एक आक्षेप येईल : बंधपत्रे कागदावर असतात, लोक पैसे भरून सुटतात. तो बरोबर आहे. दंड भरणे सेवेपेक्षा स्वस्त असेल तर कोणीही दंडच भरेल. शिवाय कित्येकदा बंधपत्रात अडकलेला विशेषज्ञ रुजू व्हायला तयार असतो, पण सरकारकडे त्याच्यासाठी पदच मंजूर नसते, किंवा असते तेथे शस्त्रक्रियागृह नसते. भूलतज्ज्ञाशिवाय शल्यविशारद पाठवणे म्हणजे बैलाशिवाय नांगर पाठवणे. म्हणून सेवेची सक्ती करणाऱ्या सरकारने आधी कोणत्या केंद्रात कोणते पद, कोणती यंत्रणा, राहायला कोणती जागा, हे लिहून दाखवावे. ही माहिती प्रवेशाच्या वेळी उमेदवाराच्या हातात असावी.

आणि जे विद्यार्थी आज बांबोळीला शिकत आहेत, त्यांच्यासाठी पुढच्या नीट-पीजीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक विभागाने निवासी डॉक्टरांच्या पाळ्यांचे वेळापत्रक महिन्याआधी जाहीर करावे. प्रत्यक्ष केलेले तास नोंदवले जावेत आणि ते आकडे विभागवार, नावे वगळून, दर तिमाहीला महाविद्यालयाच्या फलकावर लागावेत. ७४ तासांची शिफारस पाळली जाते की नाही, ते मग आंदोलनाशिवाय कळेल. कोणत्या विभागात हात कमी पडतात, कुठे परिचर नेमायला हवेत, कुठे नव्या जागा मागायला हव्यात, हे आरोग्य खात्यालाही त्याच कागदावरून दिसेल. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, नवा कायदा लागत नाही. अधिष्ठात्यांचे एक पानी परिपत्रक पुरते.